व्हिएतनाममधल्या लग्नघराची वाट

व्हिएतनाममधल्या लग्नपत्रिकेवर तारीख दोनदा छापलेली असते. वर नेहमीची इंग्रजी महिन्याची आणि तिच्याखाली चांद्र महिन्याची. परगावचे पाहुणे विमानाचे तिकीट वरच्या तारखेवरून काढतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मात्र लग्न ठरवलेले असते ते खालच्या तारखेवर. हे पंचांग मराठी माणसाला फारसे परके वाटू नये. महिना अमावास्येला बदलतो, मध्यावर पौर्णिमा येते आणि दर अडीच-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवला जातो. २०२५ साली तिथे सहावा महिना अधिक आला होता. शुद्ध आणि वद्य असे पंधरवडे तेवढे नाहीत. एकपासून एकोणतीस किंवा तीसपर्यंत दिवस सलग मोजतात.

लग्नाच्या निमित्ताने व्हिएतनामला निघालेल्याने आधी ही खालची तारीख वाचायला शिकावे, कारण प्रवासातली गर्दी आणि महागाई बरीचशी तिच्यावर चालते. सातवा चांद्र महिना, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरचा काळ, भटक्या आत्म्यांचा मानतात. शिवाय त्याच महिन्यात आकाशातला गुराखी आणि विणकरीण हे ताटातूट झालेले जोडपे वर्षातून एकदा भेटून रडते, अशी कथा आहे. दोन्ही गोष्टी लग्नाला अशुभ, म्हणून तुळशीच्या लग्नाआधी आपल्याकडची मंगल कार्यालये रिकामी असावीत तशी तिथली त्या महिन्यात असतात. वधूच्या वयाचाही एक हिशेब आहे. जन्मतःच एक वर्ष धरून काढलेल्या वयाला नऊने भागावे. बाकी १, ३, ६ किंवा ८ उरली तर ते वर्ष टाळावे. शहरातली तरुण मंडळी हे हसण्यावारी नेतात, पण आजीने एकदा बोटे मोजली की तारीख पुढे जाते. ती मागेही येऊ शकते. घरातले कोणी अत्यवस्थ असेल, तर सुतकात आणि पुढच्या शोककाळात लग्न अडकू नये म्हणून ते घाईने उरकून घेण्याचा रिवाज आहे. वर्षाच्या आत कार्य उरकायचे की थांबायचे, ही चर्चा ज्यांनी आपल्या घरी ऐकली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. तिकिटे बदलता येतील अशीच काढावीत, एवढाच याचा व्यवहारातला अर्थ.

सातवा महिना सरला की लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि तो तेत या नववर्षाच्या सणापर्यंत चालतो. तेत येतो जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत. त्याआधीच्या आठवड्यांत अख्खा देश आपापल्या गावी निघालेला असतो. रेल्वे आणि विमानांची तिकिटे आधीच संपतात, आणि याच दिवसांत लग्नेही दाटीने लावली जातात, कारण घरचे सगळे एरवी एकत्र सापडत नाहीत. त्यात परदेशस्थ नातेवाइकांची भर पडते. १९७५ साली युद्ध संपल्यानंतर लाखो लोक देश सोडून गेले आणि अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडात स्थिरावले. १९८६ मध्ये सरकारने आर्थिक धोरण सैल केले, १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध सुरू झाले, आणि मग ही मंडळी सणासमारंभांना येऊ लागली. त्यांना तिथे ‘विएत क्यू’ म्हणतात. आज व्हिएतनाममधल्या मोठ्या शहरी लग्नात एखादे टेबल तरी त्यांचे असते. परदेशी जावई किंवा सून आणि त्यांच्या मागोमाग येणारे, भाषा न समजणारे व्याही हेही आता नवे राहिलेले नाहीत.

असे व्याही येतात तेव्हा पहिली गफलत होते ती लग्न एका दिवसाचे समजण्यात. देशात ५४ वांशिक समाज आहेत. इथे वर्णन आहे ते बहुसंख्य किन्ह समाजाच्या रीतीचे. या रीतीत तीन पायऱ्या मुख्य. पहिली ‘झाम न्गो’, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन रीतसर बोलणी करणे. दुसरी ‘आन होई’, म्हणजे साखरपुडा. तिसरी लग्न, ज्यात वरपक्ष वधूला घरी घेऊन जातो. पूर्वी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत महिने जात. आता दूरच्या पाहुण्यांच्या सोयीसाठी दोन्ही एकाच आठवड्यात, कधी एकाच दिवशी उरकतात. जाणत्यांच्या मते पाहण्यासारखे खरे काही असेल तर ते आन होईत. मेजवानी कुठल्याही शहरातल्या हॉटेलातल्या मेजवानीसारखीच असते. म्हणून पोचायचे ते साखरपुड्याच्या आधी.

कायद्याच्या दृष्टीने यातला कुठलाही विधी म्हणजे लग्न नव्हे. विवाह नोंदला जातो तो स्थानिक जनसमितीच्या कचेरीत. मुलाचे वय किमान २० आणि मुलीचे १८ असावे लागते. जोडीदार परदेशी असेल, तर अविवाहित असल्याचा दाखला आणि मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. या कागदांचे भाषांतर आणि शिक्के हेच महिनाभर आधी तिथे जाण्याचे सर्वांत रटाळ, पण सर्वांत खरे कारण असते.

पाहुण्यांचे कागदपत्रांचे काम त्यामानाने सोपे आहे. ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. लग्नाआधी कंबोडियातले अंगकोर वाट पाहून परत येण्याचा बेत असेल तर दुसराच घ्यावा लागतो. मुंबईहून हो चि मिन्ह सिटीला थेट विमान आहे. पत्त्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. १ जुलै २०२५ पासून ६३ प्रांतांचे ३४ प्रांत झाले आणि जिल्हा ही मधली पायरीच काढून टाकण्यात आली. पत्रिकेवर जुना पत्ता, फोनच्या नकाशावर नवा आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी भलताच, असे घडू शकते. कार्यालयाचे नाव व्हिएतनामी लिपीत लिहून जवळ ठेवलेले बरे.

यानंतर नकाशा. व्हिएतनाम हा उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांबीचा, मध्ये चिंचोळा झालेला देश आहे. हवा, जेवण, उच्चार आणि लग्नाच्या रीती या चारही गोष्टी या लांबीत बदलतात. डिसेंबर-जानेवारीत हनोईत स्वेटर लागतो आणि फेब्रुवारीत तिथे दिवसचे दिवस झिमझिम चालू असते. त्याच वेळी दक्षिणेत कोरडे, लख्ख ऊन असते. मध्य किनाऱ्यावर पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर पडतो, आपल्याकडचा पावसाळा संपल्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनच्या जुन्या पेठेत पुराचे पाणी शिरते आणि लोक गल्ल्यांतून होड्या हाकतात. तेव्हा लग्नघर उत्तरेचे की दक्षिणेचे, हे कळल्याशिवाय बॅगही भरता येत नाही. नुसते राहते शहर विचारून भागत नाही. हो चि मिन्ह सिटीतली कित्येक कुटुंबे मूळची उत्तरेची आहेत, आणि लग्नात मूळ गावची रीत डोके वर काढतेच.

उत्तरेचे लग्न असेल तर हनोईच्या जुन्या पेठेत दोन-तीन दिवस काढावेत. पुण्यात तांबट आळी, बोहरी आळी तशा इथे धंद्यांच्या गल्ल्या, आणि बहुतेकींच्या नावाआधी ‘हांग’, म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची, सोनारांची. हांग मा कागदी वस्तूंची. दारावर लावायची लाल ‘दुहेरी आनंद’ची अक्षरे इथे टांगलेली दिसतात. चिनी लिपीतले हे चिन्ह आता व्हिएतनामी माणसाला वाचता येत नसले, तरी त्याच्यावाचून लग्नघर लग्नघर वाटत नाही. लग्नाच्या खरेदीची खरी गल्ली मात्र हांग थान. इथे साखरपुड्याची तबके सजवून मिळतात आणि ‘बान कोम’ नावाच्या चौकोनी हिरव्या वड्या मिळतात. कोम म्हणजे कोवळ्या चिकट भाताचे दाणे भाजून, कांडून, चपटे केलेले हिरवे पोहेच. हनोईजवळचे वोंग हे गाव त्यासाठी पूर्वापार प्रसिद्ध. त्या पोह्यांच्या आवरणात मुगाचे गोड सारण भरून ही वडी करतात. लग्न जमवताना पोहे लागतात हा योगायोग मराठी पाहुण्याने कौतुकाने सांगावा. कांदा मात्र घालत नाहीत.

सोन्याचे माप वेगळे आहे. तिथले सोनार ‘ची’मध्ये मोजतात. एक ची म्हणजे ३.७५ ग्रॅम, आणि दहा ची मिळून ३७.५ ग्रॅमचा एक ‘काय’ होतो. काय म्हणजे झाड. तीन ची म्हणजे जुन्या एका तोळ्याहून थोडे कमी. लग्नाच्या दिवशी दोन्हीकडच्या आया वधूच्या गळ्यात-हातात दागिने घालतात ते सगळ्यांसमोर, आणि कोणी किती ची घातले हे पाहुण्यांच्या लक्षात राहते. रेशीम हवे असेल तर शहराच्या नैर्ऋत्येला, सुमारे दहा किलोमीटरवर वान फुक हे विणकरांचे गाव आहे. २०२१ पासून त्या बाजूच्या हा डोंग भागाकडे मेट्रो जाते, तिने निम्मे काम होते. पहाटे उठायची तयारी असेल तर रात्रभर चालणारा क्वांग बा फूलबाजार बघावा. लग्नाच्या मोटारी सजवायची फुले असल्याच बाजारांतून येतात. जवळच पश्चिम तळे आहे. तिथे संध्याकाळी लग्नाआधीच्या फोटोंसाठी उभी असलेली जोडपी दिसतात, वधूने पायघोळ पांढरा झगा घातलेला आणि त्याखाली कॅनव्हासचे बूट.

बहुतेक प्रवासी इथून हा लाँग उपसागराकडे जातात. समुद्रातून वर आलेल्या चुनखडीच्या सुमारे १,६०० बेटांचा हा प्रदेश १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एक रात्र बोटीवर पुरे. लग्नाच्या आदल्या दिवशी तिथे असू नये, कारण वादळाचा इशारा आला की बोटी बंद होतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडे दोन तासांत विमानाने जाता येते. वेळ असेल तर मात्र रेल्वे सोडू नये. हनोई ते सायगॉन (म्हणजे हो चि मिन्ह सिटी) हा १,७२६ किलोमीटरचा मार्ग फ्रेंचांनी १९३६ मध्ये पुरा केला, युद्धात तो तुकड्या-तुकड्यांत तुटला आणि देश एक झाल्यावर १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडला गेला. म्हणून त्याला एकीकरणाची रेल्वे म्हणतात. रूळ अजून मीटरगेज आहेत, महाराष्ट्रात ज्यांची आता आठवणच उरली आहे. पूर्ण प्रवासाला तीस तासांहून अधिक लागतात. चार बर्थचे मऊ आणि सहा बर्थचे कडक असे दोन प्रकारचे शयनडबे असतात. सगळा पल्ला एका दमात करण्यापेक्षा ह्वे ते दा नांग हा सुमारे शंभर किलोमीटरचा तुकडा दिवसाउजेडी करावा. गाडी हाय वान घाटाच्या पायथ्याशी समुद्राला चिकटून वळणे घेत जाते. हाय वान म्हणजे समुद्र आणि ढग. उत्तरेची थंडी याच डोंगराला अडते.

ह्वे ही १८०२ ते १९४५ या काळातली न्गुयेन राजघराण्याची राजधानी. आओ दाई या पोषाखाचे मूळही त्याच मुलखात. १७४४ मध्ये या घराण्याचा पूर्वज न्गुयेन फुक खोआत याने दरबारी लोकांना गळाबंद लांब अंगरखा आणि विजार असा वेश ठरवून दिला, आणि १९३० च्या दशकात हनोईच्या चित्रकारांनी त्याला आधुनिक घाट दिला. शब्द लिहिताना एकच, पण उत्तरेत त्याचा उच्चार ‘आओ झाय’ आणि दक्षिणेत ‘आओ याय’ होतो. कपडा शिवायचा तर दा नांगपासून तीसेक किलोमीटरवरचे होई आन गाठावे. एके काळच्या या बंदरात चिनी आणि जपानी व्यापारी राहत. त्यांतल्या जपान्यांचा छपराचा पूल २० हजारांच्या नोटेवर छापलेला आहे. आज गावभर शिंपी आहेत. आओ दाई किंवा सूट एक-दोन दिवसांत शिवून देतात. तरी दुसऱ्यांदा घालून बघायला एक दिवस हाताशी ठेवावाच. घाईत शिवलेला आओ दाई काखेत कसतो आणि मेजवानीच्या दिवशी त्याचा इलाज नसतो. रंगाचे पथ्य असे: लाल हा वधूचा, पांढरा शोकाचा. नखशिखान्त काळाही टाळतात. पैठणी नेसून गेलेल्या पाहुणीचे कौतुकच होईल, फक्त ती लाल नसावी.

होई आनहून चाळीसेक किलोमीटरवर मी सन आहे, आणि भारतीय पाहुण्याने ते चुकवू नये. चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून इथे शिवमंदिरे बांधली. भद्रवर्मन राजाने स्थापलेल्या देवाचे नाव भद्रेश्वर. विटांची ही देवळे १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत बरीच पडली. उरलेल्यांपैकी काहींची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने केली. त्या कामात २०२० साली नवव्या शतकातले वालुकाश्माचे अखंड शिवलिंग जमिनीतून निघाले. चंपाचे वंशज चाम लोक आजही दक्षिण-मध्य किनाऱ्यावर राहतात. त्यांच्यात घराणे आईकडून चालते, मागणी मुलीच्या घरून जाते आणि नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. किन्ह रीत नेमकी उलट, आणि दोन्ही एकाच प्रांतात शेजारी-शेजारी नांदतात.

दक्षिणेत उतरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती दुचाक्यांची नदी. देशात नोंदलेल्या दुचाक्यांची संख्या सात कोटींच्या वर आहे. रस्ता ओलांडताना थांबू नये आणि पळूही नये. एका चालीने पुढे गेले की वाहने आपोआप बाजूने वळतात. पुण्यातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. लग्नाच्या आठवड्यात स्वतः स्कूटर भाड्याने घेणे मात्र शहाणपणाचे नाही. २०२० पासून मद्याचा अंशही पोटात असताना वाहन चालवणे बेकायदा आहे, आणि मेजवानीत प्याला नाकारणे सोपे नसते. फोनवरून बोलावलेली टॅक्सी स्वस्त पडते. हो चि मिन्ह सिटीला गावातले लोक अजून सायगॉनच म्हणतात. इथल्या लग्नांची फुले बरीचशी दा लातहून येतात. फ्रेंचांनी वसवलेले हे सुमारे १,५०० मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण म्हणजे तिथले महाबळेश्वर, आणि मधुचंद्राला जाण्याची रीतही तशीच. फू क्वॉक बेट आणि दा नांग इथे अलीकडे श्रीमंत भारतीय कुटुंबे आपली स्वतःची लग्ने नेऊन लावतात. त्यांचा स्थानिक रीतीशी संबंध किनाऱ्यापुरताच.

लग्नघरी जाण्याआधी जी तयारी बाजारात मिळत नाही, ती नात्यांच्या शब्दांची. व्हिएतनामी भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ यांना रोजच्या बोलण्यात फारसे स्थान नाही. समोरच्याशी जे नाते, तोच शब्द सर्वनाम म्हणून वापरायचा. म्हणूनच ओळख होताच वय विचारतात. त्यात उद्धटपणा नसतो, त्याशिवाय पुढचे वाक्यच जुळत नाही. इंग्रजी बोलणारे पाहुणे इथे हमखास गोंधळतात, कारण त्यांच्याकडे सगळ्यांना मिळून एकच अंकल आणि एकच आंट. मराठी माणसाला हे घरचे आहे. आत्या म्हणजे ‘को’, मावशी ‘यी’, मामा ‘काऊ’, मामी ‘मो’, काका ‘चू’, काकू ‘थिम’. वडिलांचा थोरला भाऊ मात्र ‘चू’ नव्हे, तो ‘बाक’. दक्षिणेत आणखी एक गंमत आहे. भावंडांना क्रमांकाने हाक मारतात, आणि थोरल्याला ‘दुसरा’ म्हणतात. पहिला कोणी नसतोच. याची कारणे अनेक सांगतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. लग्नानंतर बायको आडनाव बदलत नाही. देशातल्या दर दहा माणसांत तीन-चार जण न्गुयेन असल्याने आडनावावरून पाहुणे कोणत्या पक्षाचे हे कळतही नाही.

आता साखरपुडा. सकाळी ठरल्या घटकेला वरपक्ष वधूच्या दाराशी येतो. पुढे वडीलधारे आणि मागे लाल कापडाने झाकलेली तबके घेतलेले तरुण. उत्तरेत तबकांची संख्या विषम असते, पाच, सात, नऊ, अकरा. दक्षिणेत सम, सहा, आठ, दहा. तबके धरणारे अविवाहितच हवेत. वधूकडून तेवढ्याच अविवाहित मुली ती उतरवून घेतात आणि दोन्हीकडचे एकमेकांना छोटी लाल पाकिटे देतात, तबक धरल्याने आपले नशीब खर्ची पडू नये म्हणून. परदेशातून आलेल्या एखाद्या लग्नाळू भावाला या रांगेत आयत्या वेळी उभे केले जाणे अगदी शक्य आहे. तबकांत चहा, मद्य, फळे, बान कोम किंवा ‘बान फू थे’. हे दुसरे पक्वान्न टॅपिओकाच्या पारदर्शक आवरणात मुगाचे सारण भरून करतात. नावाचा अर्थ नवरा-बायको, त्यामुळे ते जोडीनेच देतात. दक्षिणेत आख्खे भाजलेले डुक्कर असते. शाकाहारी पाहुण्याने त्या तबकाजवळ बसू नये.

पण सर्वांत मानाचे तबक विड्याच्या पानांचे आणि सुपारीचे. व्हिएतनामी बोलण्यात ‘पान-सुपारीची गोष्ट’ म्हटले की लग्नाची गोष्ट असाच अर्थ होतो. त्यामागची कथा अशी. तान आणि लांग हे दोघे भाऊ हुबेहूब सारखे दिसत. थोरल्याचे लग्न झाले. एके संध्याकाळी त्याच्या बायकोने धाकट्यालाच नवरा समजून मिठी मारली. लाजेने आणि भावाच्या संशयाने धाकटा घर सोडून गेला आणि ओढ्याकाठी मरून चुनखडीचा खडक झाला. त्याला शोधत आलेला थोरला तिथेच सुपारीचे झाड झाला, आणि त्याच्या मागे आलेली बायको त्या झाडाला वेढणारी नागवेल झाली. पुढे राजाने पान, सुपारी आणि चुना एकत्र चावून पाहिला तेव्हा रंग रक्तासारखा लाल आला. पान खाणाऱ्या आता फक्त खेड्यातल्या म्हाताऱ्या उरल्या आहेत. त्यांतल्या फार वृद्ध बायकांचे दात जुन्या चालीप्रमाणे काळे रंगवलेलेही दिसतात. तबकातला सुपारीचा घड मात्र हटलेला नाही. दक्षिणेत त्यात १०५ सुपाऱ्या मोजून ठेवतात. विधी संपल्यावर वधूपक्ष प्रत्येक तबकातला थोडा भाग वरपक्षाला परत देतो, आणि तो भाग काढताना सुपारी हातानेच तोडावी लागते. सुरी चालत नाही, कात्री चालत नाही. आपल्याकडे लग्न ठरले की सुपारी फोडतात ती अडकित्त्याने. तिथे लोखंडाने नाते कापले जाते असे मानतात.

लग्नाच्या दिवशी आधी दार ओळखावे लागते. मेजवान्या दोन्ही पक्षांच्या वेगवेगळ्या असतात. कमानीवर ‘वू क्वी’ लिहिले असेल तर ते वधूचे घर आणि ‘थान होन’ किंवा ‘तान होन’ असेल तर वराचे. खेड्यात आणि जुन्या वस्त्यांत मांडव रस्त्यातच घालतात. मुख्य विधी मोजक्या मिनिटांचा. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे दोघे उदबत्ती लावून वाकतात, वडीलधाऱ्यांना चहा देतात आणि वधू वराकडे निघते. उत्तरेच्या जुन्या रीतीप्रमाणे वधूची आई वरातीबरोबर जात नाही. तिकडे सासूही सून दारात येते तेव्हा चुन्याची कुंडी घेऊन क्षणभर शेजारी निघून जाते, म्हणजे पुढे दोघींचे तोंडाला तोंड लागत नाही. मंगलाष्टके चालू असताना तुळशीपाशी जाऊन उभी राहणारी आपल्याकडची वधूमाय इथे आठवावी.

मेजवानी उत्तरेत दुपारी, दक्षिणेत बहुधा संध्याकाळी. पत्रिकेवर सहा लिहिले असेल तर सायगॉनमध्ये जेवण सातनंतरच सुरू होते. याला ते स्वतःच ‘रबरबँडची वेळ’ म्हणतात. टेबलाला दहाजण, गाक फळाने लाल झालेला चिकट भात, उकडलेली कोंबडी, तळलेले रोल, शेवटी रस्सा, आणि दर थोड्या वेळाने सगळे उभे राहून एक-दोन-तीन म्हणत प्याले उंचावणार. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी ‘चाय’ हा शब्द सांगून ठेवावा. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असे जेवतात, त्यामुळे स्वयंपाक्याला तो लगेच कळतो. नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास माशाचा सॉस पडतोच.

आहेर रोख, पाकिटात, नाव लिहून, दाराशी ठेवलेल्या पेटीत. शहरी मेजवानीला पाच ते दहा लाख डोंग ही सर्वसाधारण रक्कम. एक रुपयाला सुमारे तीनशे डोंग धरले, तर पाच लाख म्हणजे सतराशेच्या आसपास रुपये. लाखांच्या आकड्याला बिचकू नये, पण नोटा नीट बघाव्यात. पाच लाखांची आणि वीस हजारांची अशा दोन्ही नोटा निळ्या असतात. पाकिटे दुसऱ्या दिवशी उघडून वहीत मांडली जातात, आणि ती वही पुढच्या लग्नापर्यंत जपून ठेवतात.

लग्न इथेही संपत नाही. दुसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, दक्षिणेत बहुधा तिसऱ्या, नवे जोडपे भेटवस्तू घेऊन वधूच्या माहेरी जेवायला जाते. याला उत्तरेत ‘लाइ मात’ म्हणतात, म्हणजे पुन्हा तोंड दाखवणे. या जेवणाला मोजकी घरची माणसे असतात, कॅमेरेवाला नसतो आणि वधूची आई पहिल्यांदा निवांत बसलेली दिसते. जवळच्या पाहुण्यांना थांबण्याचा आग्रह होतो. परतीचे तिकीट त्या हिशेबाने लग्नानंतर पाच दिवसांनी काढावे.